आरोहीचे बूट

आरोहीचे पाय सगळ्यांत आधी पाहिले ते तिच्या आजीने. मालवणच्या प्रसूतिगृहात नर्सने बाळ पुसून, कापडात गुंडाळून पद्मावतीच्या हातात दिलं, आणि पद्मावतीने जुन्या सवयीने कापड सोडून हातापायांची बोटं बघितली. बोटं सगळी होती. पण दोन्ही पावलं आत वळलेली होती. तळवे एकमेकांकडे तोंड करून, टाचा वर ओढलेल्या. तिने एक पाऊल हलकेच सरळ करून पाहिलं. सोडल्याबरोबर ते पुन्हा आत गेलं.

तिने कापड नीट गुंडाळलं आणि खाटेवरच्या सुनेकडे न बघता म्हणाली, "आमच्या दाजीचे पाय घेवन इला गो ह्या."

दाजी म्हणजे पद्मावतीचा धाकटा दीर. स्वप्ना लग्न होऊन सर्जेकोटला आली तेव्हापासून त्याला बघत होती. साठीचा, लग्न न झालेला, कमी बोलणारा. तो पावलांच्या बाहेरच्या कडेवर चालायचा. तळवा जमिनीला कधी लागलाच नव्हता, आणि त्या कडेला काळे, दगडासारखे घट्टे पडले होते. होडीवर तो कधी गेला नाही. घरासमोरच्या मांडवात बसून वाडीतल्या लोकांची फाटकी जाळी तुणायचा. त्याच्या हाताचं सगळे कौतुक करत, पायांबद्दल कुणी बोलत नसे. स्वप्नाने तरी ते पाय कुठे नीट बघितले होते? आता नर्सने बाळ कुशीत ठेवलं तेव्हा ती त्या इवल्या पावलांकडे बघत राहिली. रात्रभराच्या कळांनी ती इतकी गळून गेली होती की तिला रडूही आलं नाही.

तिचा नवरा दीपेश ट्रॉलरवर खलाशी होता. बोट बंदराला लागल्यावर तो तसाच, अंगाला डिझेलचा वास घेऊन आला. बाळाला बघितलं, पायांना हात लावला, आणि बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला.

"होयत बरे," तो म्हणाला.

"कोण म्हणता?"

"मी म्हणतंय." आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बोटीवर गेला.

घरी आल्यावर शेजारच्या बायका बाळ बघायला येत आणि गुळगुळीत आवाजात विचारत, गिराणात काय चिरलंस का गो? स्वप्नाला आठवे, ग्रहणाच्या दिवशी तिने बांगडे कापले होते. सासूने नको म्हटलं होतं, पण पाटी भरून मासे आले होते आणि ते कुणीतरी कापायलाच हवे होते. ती कुणाला काही सांगत नसे. रात्री बाळाला पाजताना मात्र स्वतःच्या हातांकडे बघत बसे.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांनी ओरोसच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. तिथे गुरुवारी असे पाय असलेली मुलं बघत. स्वप्ना सासूला घेऊन गेली. बाकावर नंबर येईपर्यंत तिने मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, बांगड्यांचं विचारलं तर काय सांगायचं याची सुद्धा.

डॉक्टर आकांक्षा तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, एप्रनवर प्लास्टरचे पांढरे डाग. त्यांनी बाळाचे पाय हातात घेतले, फिरवून बघितले, आणि स्वप्नाने तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "हे तुमच्यामुळे झालेलं नाही. ग्रहणामुळे नाही, काही खाल्ल्यामुळे नाही, जड उचलल्यामुळे नाही. याला क्लबफूट म्हणतात. पोटात असतानाच पाय असा वळून वाढतो. का, ते आम्हालाही पक्कं सांगता येत नाही. घरात कुणाचे असतील तर शक्यता थोडी वाढते, एवढंच."

"चुलतसासऱ्यांचे आहेत," स्वप्ना म्हणाली. दवाखान्यात ती पुस्तकी बोलायची.

"उपचार झाले नव्हते?"

"माहीत नाही."

डॉक्टरांनी बाळाचा पाय तिच्यासमोर धरला. "आत्ता हिची ही हाडं पक्की झालेली नाहीत. मऊ कूर्चा आहे. दर आठवड्याला पाय थोडासा बाहेर वळवायचा आणि प्लास्टरमध्ये तसाच धरायचा. पुढच्या आठवड्याला आणखी थोडा. जोर लावायचा नाही. दीड-दोन महिन्यांत पाय सरळ दिसतील."

"मग बरी होईल?"

"मग बूट. मध्ये दांडा असलेले. चार वर्षांची होईपर्यंत." त्यांनी स्वप्नाकडे रोखून बघितलं. "खरं काम ते आहे. बूट चुकले की पाय परत वळतात. आत्ताच ऐकून ठेवा, कारण तोपर्यंत तुम्ही इतक्या दमलेल्या असाल की माझं बोलणं नकोसं होईल."

त्याच दिवशी पहिलं प्लास्टर लागलं. बोटांपासून मांडीपर्यंत, दोन्ही पायांना. संध्याकाळी घरी आल्यावर दाजी मांडवातून उठून आला, बाळाचे पांढरे पाय बघितले आणि त्याचा चेहरा उतरला.

"पोराच्या पायाक हात लावूक देव नको," तो म्हणाला. "सांगतंय तुका. पुन्ना जाव नको थंय."

"डॉक्टर म्हणतत सरळ होतले."

"माका पण तेच सांगलेल्यानी."

त्या संध्याकाळी स्वप्नाला पहिल्यांदा कळलं. दाजी सहा-सात वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला फोंडाघाटातून वर, कोल्हापूरकडच्या कुठल्याशा दवाखान्यात नेलं होतं. तिथे पाय चिरले, वर प्लास्टर घातलं. बापाला परत समुद्रावर जायचं होतं, तो गेला. दाजी तिथे एकटा राहिला. आजूबाजूच्या माणसांची बोली वेगळी. तो रडून रडून "माका घराक व्हरा", मला घरी न्या, म्हणायचा आणि कुणाला ते कळायचं नाही. घरी आणल्यावर जखम पुवाळली, प्लास्टर घरच्यांनीच कापून काढलं, आणि परत घेऊन जायला कुणाला सवड झाली नाही. पाय होते तसेच वळले, वर कडकही झाले.

"होतो तसो बरो होतंय मी," दाजी म्हणाला आणि जाळ्याकडे परत गेला.

पुढच्या गुरुवारी मात्र स्वप्ना गेलीच.

मग गुरुवारच गुरुवार आले. सकाळी मालवणची एसटी, स्टँडवर वाट बघणं, मग कट्टा, कसाल करत ओरोस. मांडीवर प्लास्टरने जड झालेलं बाळ, खांद्याला कापडांची पिशवी. दवाखान्यात जुनं प्लास्टर पाण्यात भिजवून सोडवत, पाय धुवत, आणि त्या थोड्या वेळात स्वप्ना लेकीच्या उघड्या पायांवरून हात फिरवून घेई. खरंच, दर वेळी ते थोडे बाहेर आलेले असत. आधी तळव्याची कमान सुटली, मग आत वळलेलं पाऊल समोर आलं. मग नवं प्लास्टर. परतीच्या गाडीत बहुतेक वेळा उभं राहावं लागे. प्लास्टर ओलं होऊ नये म्हणून बाळाला आंघोळ नाही, नुसतं पुसणं. लंगोटातलं प्लास्टरला लागू नये म्हणून दर थोड्या वेळाने बघणं. रात्री बाळाने पाय हलवला की खाटेच्या लाकडावर ठक्‌ आवाज येई आणि स्वप्ना दचकून उठे.

शेवटी टाचा तेवढ्या खाली येईनात. डॉक्टर म्हणाल्या, "टाचेमागची दोरी आखूड आहे. जागा बधिर करून तिथे छोटासा छेद द्यावा लागेल. तीन आठवडे प्लास्टर, तेवढ्यात ती नव्याने जुळते, लांब होऊन."

घरी स्वप्नाने हे दीपेशला फोनवर सांगितलं, सासूला सांगितलं. दाजीला सांगितलं नाही. पण छेद दिल्यानंतरच्या प्लास्टरवर टाचेपाशी रक्ताचा एक लहानसा तपकिरी डाग उमटला, आणि तो दाजीने बघितला. त्या दिवशी तो जेवला नाही.

जानेवारीत प्लास्टर निघालं. पाय सरळ होते. पद्मावतीने ते आपल्या गालाला लावले आणि म्हणाली, "बघ गो, माझ्या बायचे पाय." आणि लगेच बूट आले. दोन इवलेसे पांढरे बूट, पट्ट्यांचे, एका दांड्यावर बसवलेले, टोकं बाहेरच्या बाजूला वळवलेली. पहिले तीन महिने दिवसरात्र घालायचे, फक्त आंघोळीपुरते काढायचे. नंतर रात्री आणि झोपेत.

प्लास्टरमध्ये गप्प राहिलेली आरोही बुटांत रडायला लागली. एक पाय हलवायला जाई तर दुसरा ओढला जाई, आणि ती संतापाने लाल होई. "दोन्ही पाय एकदम हलवायला शिकवा, दांडा धरून वरखाली करा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्वप्ना तासन्‌तास दांडा वरखाली करत बसे. आठवड्याभरात रडणं कमी झालं. तिला वाटलं, आता निभावलं.

जानेवारीअखेर ती कामाला जाऊ लागली. वाडीतच एका घरात पर्यटक राहायला येत, तिथे सकाळच्या स्वयंपाकाला बाई हवी होती. सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी घावणे, चटणी, दुपारच्या माशांचं वाटण. ती पहाटे आरोहीला पाजून, बूट घालून जायची आणि अकराच्या सुमाराला परत यायची. पद्मावती मासे विकायला बाजारात जाई. तेवढा वेळ बाळ दाजीजवळ, मांडवात, कापडाच्या झोळीत.

"जमात मा दाजीकाका?" तिने विचारलं होतं.

"जमात," दाजी म्हणाला होता.

मार्चमधल्या तपासणीला डॉक्टरांनी बूट काढले, पाय हातात घेतला. मग दुसरा पाय बघितला. टाच पुन्हा वर चढत होती. पाऊल थोडं, पण स्पष्ट, आत झुकलं होतं.

"बूट किती वेळ घालता?"

"दिवसभर. रात्रभर. आंघोळ सोडून."

"खरं सांगा."

"खरंच मॅडम. मी स्वतः घालते."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच स्वप्नाला जास्त लागलं. "प्रत्येक आई मला हेच सांगते," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला दोष देत नाही. कुणालाही कंटाळा येईल. पण पायात बूट असते तर पाय असा झाला नसता. परत प्लास्टर करावं लागेल. परत गुरुवार."

स्वप्नाला खूप बोलायचं होतं. ती बाळाचे हात धरून उभी राहिली आणि पांढऱ्या पट्ट्या पुन्हा एकेक वेढा घेत वर चढताना बघत राहिली. परतीच्या गाडीत तिने डोळे मिटून घेतले. झोप आली नाही. आपण खरंच घालत होतो का, एखादे दिवशी विसरलो का, असा हिशेब ती करत राहिली, आणि मालवण येईपर्यंत तिला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली.

मांडवात दाजी जाळं पसरून बसला होता. त्याने प्लास्टर बघितलं आणि त्याचा हात थांबला.

"परत?"

"परत," स्वप्ना म्हणाली. "मॅडम म्हणतत, बूट घालूकच नाय. माका खोटी केल्यानी."

पद्मावती आतून आली. तिने आधी बाळ घेतलं, मग तोंड सोडलं. "सैल बांधीत असशीत. कामाक जावच्या घाईत लक्ष खंय असता तुझा? एवढे महिने घातलंस ते पाण्यात. तेवा सांगी होतंय, पोर बघ, पावण्यांचे घावणे कोण पण भाजीत." ती बोलत राहिली. स्वप्ना पायरीवर बसली होती. पायातली चप्पल काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"वयनी, गप रव," दाजी म्हणाला.

"गप कित्या? चेडवाचा आयुष्य…"

"तिचो काय दोष नाय. मी काढी होतंय."

कुणाला काही कळलं नाही. दाजी जाळ्याकडे बघून बोलत होता. "ती गेली काय मी बूट काढी होतंय. येवच्या टायमाक घाली होतंय. ता रडत होता. तू गेलंस काय रडा सुरू, पाय आपटी… माका आयकवला नाय."

"रोज?" स्वप्नाने विचारलं.

"रोज."

"कधीपासून?"

"तू कामाक लागलंस तेवापासून." त्याने जाळ्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "काढले काय हसा होता गो. पाय असे हवेत मारी होता. माका वाटला, पाय तर सरळ झाले, आता कित्या छळतत तेका."

पद्मावती पदर तोंडाला लावून आत गेली. स्वप्ना उठली. तिने आरोहीला सासूकडून घेतलं, पाजलं, झोपवलं. मग विहिरीवर जाऊन दिवसभराची कापडं धुतली. ती ओरडली असती तर दाजीला सोसलं असतं. तिच्यात ओरडण्याइतका जीवच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ती बाळाला बरोबर घेऊन कामाला जाऊ लागली. पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात चुलीपासून लांब, कोपऱ्यात चादर अंथरून तिला ठेवायची. दाजीशी ती जेवायला वाढण्यापुरतं बोले. तोही ताट समोर आलं की मान खाली घाली.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी तिला सकाळी उठवेना. अंगात ताप होता, डोकं फुटत होतं. पद्मावती भाचीच्या लग्नाला वैभववाडीला गेली होती आणि दीपेश समुद्रात. प्लास्टर बदलायचा दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती कशीबशी उठली, बाळाची पिशवी भरली आणि बाहेर आली. मांडव रिकामा होता.

दाजी रस्त्यावर, एसटीच्या थांब्यावर बसला होता. पांढरा सदरा घातलेला, पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. लांब जायचं असलं की तो तसे बांधत असे.

"तू खंय?" स्वप्नाने विचारलं.

"चेडवाक माझ्याकडे दी. तुका उबा रवाक जमाचा नाय."

नको म्हणायला तिच्यात बळ नव्हतं. गाडी आली. चढताना कंडक्टरने त्याला दंडाला धरलं, आणि गाडीतल्या सगळ्यांनी त्याच्या पायांकडे बघितलं. दाजी खिडकीकडे तोंड करून बसला. प्लास्टरचे दोन पाय त्याच्या मांडीवर आडवे होते.

दवाखान्याच्या बाकावर त्या दिवशी बरीच गर्दी होती. समोर एका बाईच्या मांडीवर चार दिवसांचं बाळ होतं, आणि त्याचे पाय आरोहीचे जन्मतः होते तसे. दाजी त्यांच्याकडे बघत राहिला. शेजारी एक सहा वर्षांची मुलगी बाकावरून खाली उड्या मारत होती. तिची आई तिला सारखी दटावत होती. "हिचे पण असेच होते," ती आपण होऊन म्हणाली. "आता वर्षातून एकदा दाखवायला आणतो." मुलीने पुन्हा उडी मारली. दोन्ही टाचा फरशीवर आपटल्या. दाजीने वाकून त्या टाचा बघितल्या.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी आरोहीकडे नाही, दाजीच्या पायांकडे बघितलं.

"हेच का चुलतसासरे? काका, बघू का?"

"माझे कित्या? चेडवाचे बघा."

"तिचे बघणारच आहे. तुमचे कुणी बघितलेत का कधी?"

"ल्हानपणी. मगे नाय."

डॉक्टर खाली बसल्या. त्यांनी ट्यूबचे तुकडे सोडले आणि ते कडक पाऊल दोन्ही हातांत घेतलं. घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "दुखतं?"

"चाललंय काय दुखता."

"खोटं सांगत नाही काका, हे आता सरळ होणार नाहीत. हाडं तशीच पक्की झाली आहेत. मोठं ऑपरेशन असतं, पण या वयात मी ते करा म्हणणार नाही. घट्ट्यांना आराम मिळेल असा जोडा बनवून देता येईल."

"तेचा ऱ्हवांदे." दाजीने पाय मागे घेतला. "चेडवाक दुखता काय, तेवढा सांगा."

डॉक्टरांनी स्वप्नाकडे बघितलं. तापाने तिचे डोळे लाल झाले होते. दाजीकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्हीच धरा तिला. स्वप्ना, तुम्ही बसा."

जुनं प्लास्टर निघालं. आरोही दाजीच्या मांडीवर, तोंडात चोखायला त्याचंच बोट धुऊन दिलेलं. डॉक्टरांनी तिचं पाऊल धरलं आणि दाजीचा मोकळा हात घेऊन आपल्या बोटांवर ठेवला. "मी किती जोर लावते ते बघा."

त्यांनी पाऊल हळूहळू बाहेर वळवलं, जिथे ते आपण होऊन थांबलं तिथेच थांबवलं, आणि तसंच धरून ठेवलं. आरोहीने एकदा कुरकुर केली. मग ती बोट चोखू लागली आणि तिचे डोळे जड झाले.

"एवढाच?" दाजी म्हणाला.

"एवढंच."

"ह्याच करतत? दर खेपेक?"

"हेच. छेद दिला तेव्हासुद्धा आधी बधिर केलं होतं. बुटांत ती रडायची ते दुखतं म्हणून नाही, पाय मोकळे नाहीत म्हणून. थोडे दिवस नेटाने घातले की मुलं विसरतात. दर थोड्या वेळाने काढले तर रोज नव्याने रडतात."

दाजीचा हात त्यांच्या हातावर तसाच होता. पट्ट्या भिजवून आणणारी नर्स थांबून राहिली. डॉक्टरांनीही त्याला घाई केली नाही.

येताना कट्ट्याला गाडी बराच वेळ थांबली. स्वप्ना खिडकीच्या दांडीला डोकं टेकून बसली होती. शेजारी दाजी, आणि त्याच्या मांडीवर झोपलेली आरोही.

"माका चार माणसांनी धरलेल्यानी," दाजी एकदम म्हणाला. "दोगे हाताक, दोगे पायाक. आजून हाताक कळता."

स्वप्नाने डोळे उघडून त्याच्या मनगटांकडे बघितलं.

"तेंका असा म्हायत नसतला. नसतला म्हायत." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "माका माफ कर गो, असा मी म्हणनंय नाय. कसा म्हणा? पण आता काढूचंय नाय."

"माका झोप येता, दाजीकाका," स्वप्ना म्हणाली. "मालवण इला काय उठय."

आणि ती झोपली. किती दिवसांनी ती अशी, दुसऱ्याच्या भरवशावर बाळ सोडून झोपली होती, हे तिला नंतर आठवलं.

आणखी दोन प्लास्टरं लागली. मे महिन्याच्या उकाड्यात आरोहीच्या मांड्यांना घामोळं आलं, ती रात्र-रात्र किरकिरे आणि घरात कुणाची धड झोप होत नसे. मग पुन्हा बूट आले. पहिले चार दिवस पुन्हा तोच आकांत. दाजी मांडवातून उठून खाडीपर्यंत जाई आणि रडं थांबलं असेल अशा बेताने परत येई. पाचव्या दिवशी तो गेला नाही. जवळ बसला, जाळं बाजूला सारलं, दांडा हातात धरला आणि दोन्ही पाय एकदम वर, एकदम खाली करत राहिला. "व्हडी चलली, व्हडी चलली," असं होडीचं काहीतरी तो पुटपुटत होता. आरोही रडत होती, थांबत होती, परत रडत होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पण बूट पायात राहिले.

आता आरोही दोन वर्षांची होईल. ती चालते. टाच टेकवून, पाऊल पूर्ण टाकून. पोटऱ्या जरा बारीक आहेत, त्या तशाच राहतील असं डॉक्टरांनी सांगितलंय. दीपेश बोटीवरून आला की तिला पुळणीवर नेतो, आणि ती ओल्या वाळूत दाणदाण पाय आपटत पळते. पद्मावती बाजारात कुणी विचारलं की सांगते, "आमच्या चेडवाक काय झालेला नाय." बूट आता फक्त रात्री आणि दुपारच्या झोपेला. अजून दोन वर्षं. गुरुवार आता तीन महिन्यांतून एकदा येतो, तरी आदल्या दिवसापासून स्वप्नाचं डोकं दुखायला लागतं.

दुपारचे बूट दाजी घालतो. टाच नीट खाली बसवतो, मधला पट्टा आधी आवळतो, मग वरचा. आरोही त्याच्या मिशा ओढते, तो ओढू देतो. स्वप्ना कामावरून येते, हात धुते, झोपलेल्या लेकीजवळ बसते, आणि प्रत्येक पट्टा एकदा ओढून बघते. दाजी समोरच असतो. तो जाळ्यातून मान वर करत नाही. पट्टे घट्टच असतात. तरी ती बघते.